लायल ट्रेगेन्झाचं कलम सात

पोर्ट हॅलममध्ये बिअर सगळेच पीत, पण बिअरबद्दल बोलायचा अधिकार एकट्या लायल ट्रेगेन्झाकडे होता. हा अधिकार त्याला कुणी दिला नव्हता. बायकोबरोबर तो एकदा अकरा दिवस बेल्जियमला जाऊन आला आणि येताना हा अधिकार सामानातून घेऊन आला, एवढंच. त्याआधी तो हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर उभा असे. एखाद्यानं पांढरा रंग मागितला की "कुठला पांढरा?" असं इतक्या गंभीरपणे विचारी की आलेला माणूस रंग द्यायचा बेतच पुढं ढकली. बेल्जियमनंतर तोच प्रश्न त्यानं बिअरला लावला.

कुणाच्याही घरी जेवायला गेला की तो ग्लासात नाक घाली, डोळे मिटे, आणि मांडीवरचं ताट निवत असलं तरी यजमानाला निकालासाठी ताटकळत ठेवी. निकाल बहुधा यजमानाच्या विरुद्ध लागे. टिनच्या डब्यातल्या बिअरला तो शवपेटीतली बिअर म्हणे. हलक्या बिअरला ग्लास विसळल्याचं पाणी. गावच्या कृषी प्रदर्शनात घरगुती बिअरचा परीक्षक तोच. एका वर्षी तीनच जणांनी बाटल्या पाठवल्या, तर त्यानं 'अपेक्षित दर्जा आढळला नाही' असं लिहून पहिलं बक्षीस राखून ठेवलं आणि दुसरं-तिसरंही दिलं नाही. ज्या तिघांच्या बाटल्या होत्या त्यांनी पुढं बिअर बनवणंच सोडलं. त्यानंतर गावात बिअर बनवणारा तो एकटाच उरला, आणि हे आपल्या गुणवत्तेचं फळ आहे असं त्याला मनापासून वाटे.

दर वर्षी मार्चच्या पहिल्या रविवारी गावच्या फुटबॉल संघाचे जुने खेळाडू समुद्राकाठच्या ज्युबिली पार्कात जमत. एकोणऐंशी साली या संघानं जिल्ह्याचा करंडक जिंकला होता. त्यानंतर काहीच जिंकलं नव्हतं, त्यामुळे एकोणऐंशी साल दर वर्षी नव्यानं जिंकावं लागे. लायल त्या संघात राखीव होता. अंतिम सामन्यात कुणाचा तरी गुडघा निखळला म्हणून तो नऊ मिनिटं मैदानात आला. त्या नऊ मिनिटांत त्याचा चेंडूला एकदा स्पर्श झाला की दोनदा, यावर अजून वाद होता. पण मेळाव्याची बिअर तोच निवडणार, यावर मात्र वाद नव्हता. निदान त्याच्या तोंडावर नव्हता.

आता पार्काच्या नियमांचं. हे नियम सहा वर्षांपूर्वी आले आणि ते लिहिले लायलनंच. तेव्हा तो कौन्सिलच्या उद्यान समितीवर होता. सुट्टीला येणाऱ्या शहरी मंडळींनी तक्रार केली की पाइनच्या झाडांखाली काही कुटुंबं दिवसभर बसतात, पितात, मोठ्यानं बोलतात. 'काही कुटुंबं' म्हणजे कोण, हे तक्रारीत लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. पोर्ट हॅलममध्ये पाइनखाली कोण बसतं हे प्रत्येकाला ठाऊक होतं: ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा इथं कौन्सिल आणि पाइन दोन्ही यायच्या आधीपासून मासे मारत होते, ती इथल्या मूळ जमातीची नरंगा माणसं. लायलनं तीन महिने खपून बारा कलमं तयार केली. काच चालणार नाही. साडेतीन टक्क्यांहून कडक काही चालणार नाही. शनिवार-रविवारी अकरा ते चार एवढीच वेळ. वीसांहून जास्त माणसं असतील तर परवानगी हवी. पार्कावर लक्ष ठेवणाऱ्या कौन्सिलच्या रेंजरला कुठलंही भांडं उघडून हुंगायचा अधिकार राहील. आणि सातवं कलम, ज्याच्यावर त्याचा फार जीव होता: ज्या बाटलीवर कारखान्याची छापील ताकद नाही, तिच्यातलं मद्य कडकच धरलं जाईल. लोक सरबताच्या बाटलीत वाइन भरून आणतात, त्यांना चाप बसावा म्हणून हे कलम. त्या वाक्यातला 'धरलं जाईल' हा शब्दप्रयोग आपला आहे, हे तो पुढं कित्येक महिने सांगत असे.

नियमांची पाटी लागली आणि कॉल हॉकडे नावाचा रेंजर रोज फेरी मारू लागला. कॉल एकोणऐंशीच्या संघाचा कप्तान. मेळाव्याच्या दिवशी तो मित्रांच्या टेबलावर काचेच्या बाटल्या बघून म्हणे, "थंड चहा दिसतोय," आणि स्वतः एक ग्लास चहा पिऊन पुढं जाई. पुढच्या टेबलावर त्या नरंगा माणसांतली वर्ना विल्टन आपल्या लेकीसुनांना घेऊन बसलेली असे. गाव तिला वर्नामावशी म्हणे. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं एकतीस वर्षं काढली होती, आणि दारू तिनं उभ्या जन्मात तोंडाला लावली नव्हती. कॉल तिचा थर्मास उघडायला लावी, हुंगे आणि पुन्हा बंद करायला सांगे. तो खरोखरीचा चहा असे.

अशी सहा वर्षं गेली. मग कॉल निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेला आणि त्याच्या जागी रेने लुट्झ आली. नदीकाठच्या द्राक्षबागांतली, चाळिशीची, कमी बोलणारी बाई. ती आल्यापासून गावातल्या दोन कुत्र्यांना आणि एका कौन्सिलरला दंड झाला होता.

मेळाव्याला महिना उरला असताना संघाचा जुना आघाडीवीर मर्व ड्यूहर्स्ट, जो या मेळाव्याची परवानगी वगैरे काढत असे, त्यानं लायलला फोन केला. नवी बाई पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचते, तेव्हा यंदा हलक्या बिअरचे डबे घेऊन टाक, असं त्यानं सुचवलं.  लायलनं विचारलं, "मर्व, तुझ्या मुलीच्या लग्नात तू पाहुण्यांना नळाचं पाणी दिलं होतंस का?" मर्व म्हणाला, ज्यांना तहान लागली होती त्यांना दिलं होतं. लायलनं फोन ठेवला.

पुढचे दोन आठवडे त्यानं निवडीत घालवले. गावातल्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या दुकानांतून त्यानं नियमात बसणाऱ्या चौदा तऱ्हेच्या बिअर आणल्या आणि शेडमध्ये ओळीनं मांडल्या. रोज संध्याकाळी तो एक डबा फोडी, घोट घेई, वहीत काहीतरी लिही आणि उरलेलं लिंबाच्या झाडाला घाली. चौदाच्या चौदा नापास झाल्या. एकीत जीव नव्हता, दुसरीत ढोंग होतं, तिसरीला साबणाचा वास येत होता. त्याची बायको नोला लेमोनेड घातलेली बिअर पिणारी, म्हणजे लायलच्या लेखी परधर्मातली. ती म्हणाली, "अरे, सत्तरीला टेकलेले पंचवीस म्हातारे. त्यांना सॉसेजबरोबर काहीतरी गार हवंय. बास." लायलनं तिला समजावलं की प्रश्न गार असण्याचा नाही, तत्त्वाचा आहे. नोलानं पास्टीचं, म्हणजे मटण-बटाटा भरलेल्या करंजीचं, पीठ मळायला घेतलं.

शेवटी त्यानं ठरवलं की नियमाच्या आत राहून, साडेतीन टक्क्यांतच, अशी बिअर स्वतः बनवायची की लोकांनी बोटं तोंडात घालावीत. काच चालत नाही म्हणून प्लास्टिकच्या तपकिरी बाटल्या मागवल्या. माल्टमधला, म्हणजे मोड आणलेल्या सातूतला, गोडवा मागं उरावा, यीस्टनं तो सगळा खाऊ नये, असा बेत त्यानं आखला. बेत चांगला होता. पण पोर्ट हॅलममध्ये फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा; महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पारा त्रेचाळीसवर गेला, शेडची भट्टी झाली, आणि यीस्टनं बेताची पर्वा न करता दिसेल ती साखर फस्त करून तिचं मद्य केलं. लायलनं काचेच्या नळीनं घनता मोजली आणि हिशेब केला. चार पूर्णांक आठ दशांश टक्के आलं. पुन्हा मोजली. पुन्हा चार पूर्णांक आठ.

दुसरी करायला वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर चवीला ती उत्तम उतरली होती. बेल्जियमनंतर पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या ग्लासात खोट काढता आली नाही. तो शेडमध्ये स्टुलावर बसून राहिला. नळीत बुडबुडा अडकला असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. उन्हात नळ्या चुकीचं दाखवतात, असंही सांगितलं. शेवटी त्यानं वहीत 'अंतिम ताकद ३.५' असं वळणदार अक्षरात लिहिलं. सव्वीस वर्षांच्या वह्यांमधली ही पहिली थाप. लिहून झाल्यावर त्याला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही, आणि मग त्याचंच थोडं वाईट वाटलं.

रविवारी तो साडेदहालाच पार्कात पोचला. अकराच्या ठोक्यापर्यंत एकाही बाटलीचं झाकण उघडू दिलं नाही. साठ बाटल्या बर्फात मांडल्या, एकेकाला पहिला ग्लास स्वतःच्या हातानं ओतून दिला, आणि बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांबद्दल जेवढं बोलायचं तेवढं बोलला. म्हातारे माना डोलवत होते. "वा, लायल," म्हणत होते. पलीकडच्या टेबलावर वर्नामावशीच्या नातीचा वाढदिवस चालला होता. फुगे होते, केक होता आणि नेहमीचा थर्मास होता.

पावणेबाराला रेने लुट्झ आली. आधी ती वर्नामावशीच्या टेबलाशी गेली, थर्मास उघडून घेतला, हुंगला, आभार मानले. मग ती याही टेबलाशी आली. कॉलसारखी ती हसली नाही. तिनं एक बाटली बर्फातून काढली, फिरवून पाहिली आणि लेबल कुठं आहे असं विचारलं.

"घरची आहे," लायल म्हणाला. "साडेतीन टक्के. एक थेंब जास्त नाही."

"छापील ताकद नाही यावर."

"कारखान्याची नाही ना ती. कशी असेल?"

"मग सातव्या कलमाखाली ही कडकच धरली जाईल, मिस्टर ट्रेगेन्झा," रेने म्हणाली, आणि मर्वनं एकदम समुद्राकडे तोंड फिरवलं.

लायलनं तिला समजावून सांगितलं की ते कलम त्यानंच लिहिलंय, त्यामुळे त्याचा अर्थ काय हे तिच्यापेक्षा त्याला जास्त कळतं. त्या कलमाचा रोख असल्या बिअरवर नव्हताच. रेने म्हणाली, पाटीवर रोख लिहिलेला नाही. तेव्हा त्यानं पिशवीतून वही काढून तिच्यापुढं धरली. तिनं ती शांतपणे वाचली. बापाच्या वाइनरीत ती लहानपणापासून असल्या नळ्या धुत आली होती, हे लायलला ठाऊक नव्हतं. आणि 'अंतिम ताकद' लिहिताना आपण शेजारच्या रकान्यातले घनतेचे खरे आकडे तसेच ठेवलेत, हे तो विसरला होता. तिनं त्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हे साडेतीनला येत नाहीत. पावणेपाचच्या वर जातायत." हे फक्त त्याला आणि शेजारी पास्ट्या मांडणाऱ्या नोलाला ऐकू गेलं. नोलानं नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पास्ट्या मांडू लागली.

रेनेनं दोन पर्याय दिले. सगळं नळाशी नेऊन ओतून टाकायचं, नाहीतर ती मेळाव्याची परवानगी रद्द करणार. लायल मित्रांकडे वळला. आता संघ पेटून उठेल, निदान कुणीतरी दोन शब्द बोलेल, असं त्याला वाटलं. मर्व खाकरला. म्हणाला, "ओतून टाक, लायल. काही बिघडत नाही. माझ्या ट्रकमध्ये हलक्या बिअरचे सहा खोके आहेत."

"सहा खोके? आज आणलेस?"

मर्वनं बुटाच्या टोकानं गवत उकरलं. मग एकानं चोरून दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि हळूहळू ते बाहेर आलं. मर्व दर वर्षी सहा खोके आणी. पहिला ग्लास लायलसमोर घ्यायचा, वा म्हणायचं, पाइनच्या बुंध्याला घालायचा, आणि मग एकेकानं 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणत ट्रकमागं जायचं, असा सतरा वर्षांचा रिवाज होता. लायलला ते कधी कळलं नाही, कारण बोलायला लागला की तो डोळे मिटून घेई. एकजण त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाला की वाईट नसते रे तुझी बिअर, फक्त ती पिताना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

लायलनं बर्फाचं खोकं उचललं आणि नळाकडे नेलं. साठातल्या उरल्या तेवढ्या बाटल्या. बोटांच्या सांध्यांत संधिवात, आणि झाकणं त्यानंच करकचून आवळलेली. दहाव्या बाटलीला त्याचा तळहात सोलला. मेळाव्यातलं कुणी मदतीला आलं नाही. लाजेनं आलं नाही असं म्हणू या. ट्रकमागून आता उघडपणे डबे येत होते आणि एकोणऐंशीचा अंतिम सामना सुरू झाला होता.

वर्नामावशी आली. एप्रनला हात पुसून तिनं एक बाटली घेतली, एका हिसक्यात झाकण काढलं आणि त्याच्याकडे दिली. एकतीस वर्षं शाळेतल्या लोणच्याच्या बरण्या उघडलेले हात ते. ती उघडत होती, तो ओतत होता. एक बाटली तिनं नाकाशी नेली.

"वासाला पावासारखी आहे," ती म्हणाली. "कडक आहे का?"

"आहे," लायल म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे पहिलं खरं बोलणं.

थोड्या वेळानं त्याच्यानं राहवलं नाही. म्हणाला, "वर्ना, ते हुंगायचं कलम... ते तुझ्यासाठी नव्हतं."

"मग कुणासाठी होतं?"

तो ओतत राहिला. फेस गवतातून वाहत त्याच्या बुटांपर्यंत आला. ती त्याच्याबरोबर शाळेत एका वर्गात होती, त्याच्या मागच्या बाकावर. उत्तर येत नसलं की तो मान खाली घालून पाटीशी खेळत बसायचा हे तिला माहीत होतं, त्यामुळे तिनं पुन्हा विचारलं नाही. उरलेल्या बाटल्या संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "सहा वर्षं माझा चहा हुंगतायत. एकदाही कुणी विचारलं नाही की घोटभर मिळेल का." आणि केक कापायला गेली.

यानंतर लायल सुधारला असं कुणाला वाटेल, तर त्यानं लायल पाहिलेला नाही. पंधरा दिवसांत त्यानं कौन्सिलला नऊ पानी अर्ज दिला: मान्यताप्राप्त हौशी बिअरकारांना सातव्या कलमातून सूट मिळावी. गावात असा बिअरकार कोण, हे त्यानं विनयानं मोघम ठेवलं होतं. मे महिन्यात सभा झाली. लायल बारा मिनिटं बोलला. हस्तकला, परंपरा, बेल्जियम, सगळं आलं. त्याच्यानंतर वर्नामावशी उठली, कारण तिनंही बोलायला मिळावं म्हणून एक चिठ्ठी दिली होती. ती एक मिनिटही बोलली नसेल. तिचं म्हणणं, दारू नसलेली भांडी हुंगणं बंद करा. नातवंडं विचारतात, आजी, त्या बाई तुझ्या चहाला काय शोधतात.

सभागृहात कुणी खोकलं, कुणी कागद चाळले. अध्यक्षांनी तिचे मनापासून आभार मानले आणि हा विषय योग्य वेळी योग्य समितीपुढं ठेवू असं सांगितलं. लायलचा अर्ज मात्र एकमतानं मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. लायल पुन्हा उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. तो म्हणाला की त्याला अजून एक सांगायचंय: ते हुंगायचं कलमही त्यानंच लिहिलंय, आणि ते लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते... अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. त्याची वेळ संपली होती, आणि हा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.  लायलला आणखी जोरानं बोलता आलं असतं. पण सभेचे नियम त्याला तोंडपाठ होते, आणि तो खाली बसला. घरी जाताना गाडीत नोला म्हणाली, "अर्धं बोललास." तो म्हणाला, "हो." त्या रात्री तो पास्टीला शिवला नाही.

सूट मिळाल्याचं प्रमाणपत्र पोस्टानं आलं. ते शेडमध्ये कुठंतरी आहे.

वर्नामावशीच्या माणसांनी पार्कात जायचं सोडलं. धक्क्याच्या पलीकडे तीन किलोमीटरवर, कौन्सिलची हद्द संपते तिथं, खडकांच्या आड वाळूचा एक तुकडा आहे. सावलीला झाड नाही, म्हणून ते चार काठ्यांवर शिडाचं जुनं कापड ताणतात. तिथं पाटी नाही. ऑगस्टमधल्या, ऐन हिवाळ्यातल्या एका थंड रविवारी लायल नोलानं दिलेल्या पास्ट्या घेऊन तिथं गेला. गाडी लांब लावून, वाळूतून धापा टाकत. लेकीसुनांनी एकमेकींकडे पाहिलं. मावशीनं पास्ट्या घेतल्या, घडीची खुर्ची पुढं ढकलली आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्या हातात दिला.

लायलनं नाक घातलं. डोळे मिटले. एक घोट घेतला आणि तोंडात फिरवला.

"पत्ती जरा जास्त वेळ राहिलीय," तो म्हणाला.

"तुला कुणी विचारलं होतं का?" वर्नामावशी म्हणाली.

तो नाही म्हणाला, आणि उरलेला चहा मुकाट्यानं प्यायला.